परभणीच्या उकाड्यात 'संशयकल्लोळ'

मे महिन्यात परभणीत रात्री साडेआठलाही जमीन तापलेलीच असते. टँकरने पाणी मारलेल्या शाळेच्या मैदानावर सतरंज्या पडल्या आणि 'संगीत संशयकल्लोळ' सुरू झालं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आलं. मूळ इंग्रजी, त्याच्याही मागे फ्रेंच नाटककार मोलिएर. पण बायकोवर संशय घेणारा फाल्गुनराव मला तरी आपल्याच गल्लीतला वाटतो.

खरी मजा तसबिरीची. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर फाल्गुनरावाची बायको कृत्तिका उचलते, न्याहाळत राहते आणि नेमका फाल्गुनराव ते बघतो. नटाने नुसतं उपरणं झटकलं, मान तिरकी केली. माझ्यामागच्या आजी ओरडल्याच, "आवं माय, सांग की त्याला, सापडली म्हणून!"

कोरड्या हवेने तबल्याचा सूर चढत होता. तबलजी दर पदाआधी हातोडी घेऊन सूर जुळवायचा. एवढं करूनही पदांना कात्री लागली, ते मला अजिबात रुचलं नाही. 'मृगनयना रसिकमोहिनी' तरी पूर्ण व्हायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात सगळी पदं ठेवा. प्रयोग नऊला सुरू करा हवं तर, आम्ही बारापर्यंत बसू.