‘जवळजवळ’ या शब्दापाशी मी अडले

दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सैनिक-कवी कीथ डग्लस याची ‘फेरगिसमाइननिश्ट’ ही कविता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारसाठी माझ्या वाट्याला आली. सहा कडवी, २४ ओळी. आठवडाभरात होईल असं धरून चालले होते, लागला दीड महिना.

कवितेतली घटना साधी आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढाई होऊन तीन आठवडे झालेत. काही सैनिक त्याच जागी परत येतात. तिथे तोफेवरचा एक जर्मन सैनिक उन्हात मरून पडलाय. लढाईच्या दिवशी यानेच निवेदकाच्या रणगाड्यावर गोळा डागला होता. तोफेच्या खड्ड्यातल्या पसाऱ्यात त्याच्या प्रेयसीचा फोटो सापडतो. त्यावर तिने आपलं नाव लिहिलंय, ‘स्टेफी’, आणि पुढे एक शब्द, ‘फेरगिसमाइननिश्ट’, म्हणजे ‘मला विसरू नकोस’. जर्मनमध्ये हे एका निळ्या फुलाचंही नाव आहे.

पहिल्या खर्ड्यात मी ‘ही युद्धविरोधी कविता आहे’ असं लिहून मोकळी झाले. बाजारातल्या गाइडमध्येही तेच होतं. मॅडमनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं : मग चौथ्या कडव्याचं काय?

चौथ्या कडव्यात निवेदक म्हणतो, त्याला असं पडलेलं पाहून आम्हाला जवळजवळ समाधान वाटतं. त्याने किंमत मोजली असं वाटतं. ही ओळ मी सरळ ओलांडून गेले होते, कारण ती माझ्या निष्कर्षात बसत नव्हती.

मग मी सगळं बाजूला ठेवून कविता ओळीओळीने मराठीत उतरवायला घेतली. त्याचा फार उपयोग झाला. स्टेफीचं अक्षर कसं आहे? कवी म्हणतो, सरावाच्या वहीतल्यासारखं. माझ्या हातून आपोआप ‘कित्ता गिरवल्यासारखं’ असं उतरलं आणि मी थबकले. कित्त्यातलं अक्षर म्हणजे शाळा सुटून फार दिवस झालेले नाहीत. ही मुलगी किती लहान असेल! पुढे मृताच्या अंगावर काळ्या माश्या फिरतात आणि ‘कागदी डोळ्यावर’ धूळ असते. मला आधी तो फोटोतला डोळा वाटला. पण ओळीच्या अलीकडे त्याची कातडी आहे, पलीकडे फुटलेलं पोट. डोळा त्याचाच, सुकून कागद झालेला. तरी ‘कागदी’ म्हटल्यावर फोटो आठवल्याशिवाय राहत नाही, आणि कवीला तेच हवं असणार. हे सगळं पाहून ती रडेल, असं तो म्हणतो. आम्ही रडलो असं कुठेही म्हणत नाही.

डग्लसबद्दल वाचलं तेव्हा हे जास्त पटलं. ऑक्सफर्डमध्ये त्याला शिकवायला एडमंड ब्लंडन होते, म्हणजे पहिल्या महायुद्धातले सैनिक-कवी. ऑक्टोबर १९४२मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनची लढाई सुरू झाली तेव्हा डग्लस मुख्यालयात कामाला होता. हुकूम नसताना तो ट्रक घेऊन आघाडीवरच्या आपल्या रेजिमेंटकडे गेला. ज्याला लढाईत असायचंच होतं, त्याच्या तोंडी मी माझं निषेधाचं भाषण घालत होते.

तरीही ‘समाधान’ गळ्याखाली उतरेना. माझे मामा रणगाड्यांच्या रेजिमेंटमधून निवृत्त झालेत, नगरला राहतात. त्यांना विचारलं तर ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी टँक म्युझियमला घेऊन गेले. एप्रिलचं ऊन. त्या युद्धातले रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. मी व्हॅलेंटाइन या ब्रिटिश रणगाड्याच्या पोलादावर तळहात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. ऐंशी वर्षांनंतरही पत्रा ठणठणीत, एक रिव्हेट ढिला दिसेना. चौथ्या कडव्यात पुढे हेच आहे : माणूस सडलाय आणि त्याची शस्त्रसामग्री टणक, धडधाकट राहून त्याला हिणवतेय. इतके दिवस मी ती ओळ नुसती वाचत होते.

परत येताना मामा म्हणाले, ‘‘अगं, आपण वाचलो हे आधी कळतं. बाकीचं मागाहून येतं.’’

त्या रात्री ‘जवळजवळ’ कळला, निदान माझ्यापुरता. समाधान खरं आहे, कवी ते लपवत नाही. पण फोटो हातात आल्यामुळे ते पुरं होऊ शकत नाही. शेवटच्या कडव्यात तो प्रियकर आणि मारेकरी एकाच देहात, एकाच काळजात मिसळलेले दाखवतो. तिथे एक यमक नीट जुळतं आणि दुसरं, ‘हार्ट’ आणि ‘हर्ट’चं, मुद्दाम अर्धवट राहतं. मोठ्याने वाचताना शेवटी कान अडखळतोच.

डग्लस ९ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत मारला गेला, २४ वर्षांचा असताना. सेमिनारमध्ये मी ही माहिती शेवटी सांगितली. आधी सांगितली असती तर सगळे त्याच हळहळीने कविता ऐकत बसले असते.

माझा मराठी अनुवाद अजून अपुरा आहे, ते अर्धवट यमक मला साधलेलं नाही. मामांना मात्र फोनवर आहे तसा वाचून दाखवला. ‘‘ते समाधानाचं कडवं परत वाच,’’ म्हणाले. मी वाचलं.