खांद्यावर झोपलेला मुलगा

इंग्लंडमधल्या लहान मुलांच्या फिट्सच्या क्लिनिकमध्ये मी फार्मासिस्ट आहे. त्या सोमवारी सहा वर्षांचा, 20 किलो वजनाचा मुलगा वडिलांच्या खांद्यावर झोपूनच आत आला. ड्राव्हे सिंड्रोम, म्हणजे लहानपणीच सुरू होणारी, आवरायला अवघड अशी फिट्सची दुर्मिळ व्याधी. हाक मारली की डोळे उघडायचा, लगेच मिटायचा. आईचं एकच म्हणणं, ते गांजाचं औषध आधी बंद करा.

औषध म्हणजे एपिडायोलेक्स, कॅनाबिडिऑलचं द्रावण. नशा आणणारं टीएचसी त्यात नावापुरतंच. 1 मि.लि.मध्ये 100 मि.ग्रॅ. पहिला आठवडा किलोमागे 2.5 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, म्हणजे याला अर्धा मि.लि.; मग दुप्पट. आईला सिरिंज भरून दाखवायला सांगितलं. बरोबर 1 मि.लि. भरली. इथे चूक नव्हती.

झोप क्लोबाझमची, म्हणजे त्याच्या फिट्सच्या दुसऱ्या औषधाची होती. नाइसच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये कोणतं औषध कुणाला द्यावं हे सांगणाऱ्या संस्थेच्या, 2019च्या निकषांप्रमाणे ड्राव्हेत एपिडायोलेक्स, आधीची दोन औषधं पुरी पडली नाहीत तर, क्लोबाझमच्या जोडीनेच देतात. गोम तिथेच आहे. कॅनाबिडिऑल यकृतातल्या सीवायपी2सी19 या एन्झाइमला अडवतं. क्लोबाझमपासून शरीरात तयार होणारं, गुंगी आणणारं द्रव्य त्याच एन्झाइमने मोडतं. ते रक्तात तिपटीपर्यंत साचतं. डॉक्टरांनी क्लोबाझम टप्प्याटप्प्याने उतरवलं. एकदम तोडलं तर फिट्स उसळतात.

बोलता बोलता दुसरी गोष्ट कळली. सकाळचा डोस उपाशीपोटी, रात्रीचा चीज घातलेल्या जेवणावर. तेलकट-तुपकट खाण्यासोबत हे औषध चार-पाच पट जास्त शोषलं जातं. आता दोन्ही वेळा खाण्यासोबतच, आणि रोज तसंच.

मुलगा व्हॅल्प्रोएट या फिट्सच्या आणखी एका औषधावरही होता. या जोडीने यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून दोन आठवड्यांनी आणि मग 1, 2, 3, 6 महिन्यांनी रक्त तपासायचं. यकृताच्या त्रासाची खूण असलेला एएलटी हा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीवर आला होता. तो तिपटीवर जाऊन बिलिरुबिनही (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) दुपटीपेक्षा वाढलं तर औषध थांबवतात; इथे तशी वेळ नव्हती.

निघताना वडिलांनी विचारलं, आजीच्या कंबरदुखीला मिळेल का? नाही. जुनाट दुखण्यासाठी नाइस याची शिफारस करत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणाला साटिव्हेक्स हा गांजापासूनचा स्प्रे मिळतो, तोही बाकीचे उपाय हरल्यावर, आधी चार आठवडे वापरून बघून. केमोच्या न थांबणाऱ्या उलट्यांना नॅबिलोन, टीएचसीसारखं कृत्रिम औषध.

नऊ दिवसांनी फोन आला, मुलगा शाळेत गेला होता. आईची फिट्सची वही चालूच आहे. सहा महिन्यांत मोठ्या फिट्स किमान 30 टक्के घटल्या नाहीत, तर हे औषध बंद होईल.