छोट्या शिडाच्या बोटीची रब रेल बदलताना

रब रेल, म्हणजे काठाला बाहेरून फिरवलेली पट्टी, धक्के खायला असते, हे खरंच. पण फायबरच्या बोटीत तिच्या आड हल (बोटीचं खालचं अंग) आणि डेकचा (वरच्या झाकणाचा) सांधा असतो. पट्टी झिजून स्क्रूची डोकी उघडी पडली की पाणी तिथूनच आत जातं. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या दगडी काठाला लागणाऱ्या बोटीची पट्टी नाळेजवळ (पुढच्या टोकाशी) आणि मधल्या फुगीर भागात आधी जाते. तेवढाच तुकडा बदलायचा मोह होतो, तो टाळा. जुनं पीव्हीसी आकसलेलं, कडक झालेलं असतं; नव्या तुकड्याशी त्याचा जोड उघडतोच.

माप सुतळीने, काठाच्या बाहेरून घ्या. चौदा फुटी बोटीला एका बाजूला साडेचार मीटरहून थोडी जास्त पट्टी लागते, म्हणून प्रत्येकी 5 मीटरचे दोन सलग तुकडे मागवा. ट्रकच्या बॉडीचं काळं रबर स्वस्त पडतं, पण पांढऱ्या बोटीवर काळे फराटे उठवतं. स्क्रू दर 15 सेंटीमीटरला, म्हणजे साठ-पासष्ट. पंचाहत्तर आणून ठेवा. तळ्यात 304 प्रतीचं स्टेनलेस स्टील पुरतं, बोट मालवणला न्यायची असेल तर 316. कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेताना चुंबकावर विसंबू नका, 304 सुद्धा थोडं चिकटतं.

जुने रिव्हेट डोक्यावर ड्रिल मारून काढा. शेपट्या आत पडतात. हवेच्या टाकीत पडल्या तर जन्मभर खडखडतात, त्यामुळे टाकीचं झाकण उघडता येत असेल तर लगेच काढा. अडलेल्या स्क्रूच्या डोक्याला सोल्डरिंगची इस्त्री मिनिटभर टेकवली की बहुधा सुटतो.

खरं काम भोकांचं. जुन्याच भोकात जाड स्क्रू ठोकणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. भोक साफ करून आतलं लाकूड काळं, ओलं आहे का ते बघा. असेल तर कोरून पूर्ण वाळू द्या. मग एपॉक्सीत एरोसिल (बारीक सिलिका पावडर) मिसळून लोण्याइतकं घट्ट करा आणि भोक तळापासून भरा. एप्रिल-मेच्या उन्हात मोठा घाणा कालवलात तर भांड्यातच तापून दगड होतो. पावसाळ्यात वरून चिकट थर येतो, तो आधी साबणपाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर. फेब्रुवारी-मार्च, वळीव सुरू व्हायच्या आधी, हे काम सोपं जातं.

नवी भोकं जुन्यांच्या मधोमध पाडा आणि स्क्रूचं डोकं बसायला वरची कड थोडी पसरट करा (काउंटर हलका मारा). सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. सिलिकॉन नको, त्यावर पुढे रंग, जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर) काहीच धरत नाही. पॉलिसल्फाइड पीव्हीसीला खातं. हल अॅसिटोनने पुसा, पट्टी मात्र नाही, ती मऊ पडते.

पट्टी उन्हात किंवा गरम पाण्यात मऊ करून नाळेपासून मागे लावत जा. एकाने धरायचं, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. ताणू मात्र नका: ताणून बसवलेली पट्टी थंडीत मागे सरकते आणि टोकाशी बोटभर फट पडते. पहिल्या फेरीत स्क्रू हातानेच, सीलंट कडेने जेमतेम बाहेर येईल इतपत आवळा. सगळं पिळून काढलंत तर आत काय राहणार? शेवटचा आवळा ते घट्ट झाल्यावर. जादा टोक दुसऱ्या दिवशी कापा.