पाठवण्यापूर्वी जात तपासा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यातून, सकाळी नऊलाच फोन आला. "मॅडम, लगेच येता का? बोर्ड उतरवलाय, पण फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेलाय."

मी राजारामपुरीत घरी बसून भाषांतरं करते. कोर्टाची कागदपत्रं, बियाण्यांच्या पुड्यांवरचा मजकूर, असलं काहीबाही. फौंड्रीचं काम पहिलंच. जाऊन बघते तर भिंतीला टेकवलेला भलामोठा फ्लेक्स. परदेशी गिऱ्हाइकाचे सुरक्षा-नियम कुणीतरी कॉम्प्युटरला घालून मराठी करून घेतले होते आणि न वाचताच छापायला दिले होते. नियम तिसरा: 'ओल्या बुरशीत भूमिका देऊ नका.' नियम सातवा: 'माल पाठवण्यापूर्वी प्रत्येकाची जात तपासा.'

बुरशीवर पोरं खिदळत होती. सातव्यानं मात्र मॅनेजरसाहेबांना घाम फुटला होता, आणि फुटायलाच हवा. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्या कोल्हापुरात हा बोर्ड!

सगळा घोळ 'कास्ट'चा. मूळ नॉर्स शब्द 'कास्ता', म्हणजे फेकणे. इंग्रजीत शिरला त्याला आठशे वर्षं होत आली, आणि तेव्हापासून तो दिसेल त्या घरात ओसरी पसरून बसलाय. वितळलेला धातू साच्यात ओतला तरी कास्ट, गळ टाकला तरी कास्ट, मत टाकलं तरी कास्ट, मोडक्या हाताचं प्लास्टरही कास्ट. नाटकातल्या भूमिकांना तो सतराव्या शतकात चिकटला. ब्रॉडकास्ट म्हणजे आधी शेतात बी फोकून पेरणं. रेडिओ फार नंतरचा. जातीचा कास्ट मात्र या भावकीतलाच नव्हे. तो पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. अर्थ वंश, कुळ. उच्चार जवळपास तोच, नातं काही नाही. त्याच्या शेपटीला एक 'ई' असतो, आणि आपल्याकडं अर्जांवर तो सर्रास गळतो. यंत्रानं तरी काय करावं?

'मोल्ड'चंही तेच. साच्याचा मोल्ड लॅटिनमधून फ्रेंच वाटेनं आला, बुरशीचा निराळ्याच मुळातून. स्पेलिंग तेवढं एक.

हे मी केबिनमध्ये सांगत होते. दारात एक वयस्कर मामा उभे होते, पोअरिंगवर, म्हणजे वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) साच्यात ओतायच्या कामावर, तीस वर्षं काढलेले. म्हणाले, "फेकणं व्हय? बरोबरच हाय की. हळूहळू ओतलं तर बीड मधीच गारठतंय. एका दमात सोडाय लागतंय, न थांबता."

ही व्युत्पत्ती म्हणून मी कुठं छापणार नाही, पण तिथून पुढं केबिनमध्ये बसवेना. मामांच्या मागं शॉपमध्ये गेले. भट्टीतलं बीड चौदाशे अंशांच्या आसपास. साच्यात किंवा लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, पाणी राहिलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड अंगावर उडतं. तिसऱ्या नियमात सांगायचं होतं ते हे. बुरशीवर हसून झालं होतं, पण नियम काय होता ते त्या पोरांपैकी कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही, खरं तर. माझं सगळं लक्ष जातीवर.

बाजूला एक कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, पडलं होतं, थंड होताना वाकलेलं. 'वार्प झालंय,' म्हणाले. मला हसू आलं. जुन्या इंग्रजीत फेकण्याला शब्द होता तो हाच, वार्पचा पूर्वज. कास्टनं त्याची जागा घेतली आणि याच्या वाट्याला उरलं वाकणं. आज फेकण्याला वापरतात तो 'थ्रो', तो मूळचा पिळणारा-वळवणारा. म्हणजे फेकणारा वाकला आणि वळवणारा फेकायला लागला! मामांना सांगितलं तर म्हणाले, "बदली झाली म्हना की."

दुपारपर्यंत बारा नियम नव्यानं लिहिले. सातवा सोपा होता: 'प्रत्येक कास्टिंग तपासूनच पाठवा.' तिसरा मी लिहिला, 'ओल्या साच्यात ओतकाम करू नये,' आणि मामांना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली.

"साचा कोण म्हनतंय हितं? मोल्ड लिवा. आन् लॅडलचं ऱ्हायलं."

मी खोडलं. 'मोल्ड ओला, लॅडल ओली, तर बीड ओतू नका.'

"आता छापा," मामा म्हणाले आणि पाळीवर गेले.