खोक्यावर एमपीपीटी, आत पीडब्ल्यूएम

सोसायटीच्या गेटवरची केबिन सोलरवर घ्यायची होती. लाइट गेली की कॅमेरे आंधळे, एवढंच कारण. कमिटीची परवानगी, पॅनल, बॅटरी सगळं बिनबोभाट झालं. डोकं फिरवलं ते चार्ज कंट्रोलरने, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याने, म्हणून आधी त्याचंच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या कंट्रोलरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एमपीपीटी’ छापलेलं असतं. एमपीपीटी म्हणजे पॅनलला पूर्ण ताकदीच्या व्होल्टेजवर ठेवून वरच्या व्होल्टचे जास्तीचे अँपिअर करून देणारा कंट्रोलर. काउंटरवर शंका काढली की ठरलेलं उत्तर: “साहेब, एमपीपीटीच आहे, वर लिहिलंय ना.” डेटाशीट मागितली की खोकंच उलटं करून दाखवतात. आत असतो साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये भराभर चालू-बंद होणारा स्विच. तो पॅनलचा व्होल्टेज खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टेजला आणतो आणि वरचे व्होल्ट वाया जातात.

वाया किती जातात ते बघा. आजकालचं ५४० वॉटचं, १४४ हाफ-कट सेलचं पॅनल साधारण ४१ व्होल्ट, १३ अँपिअरवर पूर्ण ताकद देतं. मुंबईच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो तेव्हा तेच पॅनल ३६ व्होल्टच्या आसपास उतरतं, म्हणजे ४६५ वॉट. पीडब्ल्यूएम लावून २४ व्होल्टची बॅटरी भरली तर हातात ३५० वॉट येतात. १२ व्होल्टची बॅटरी असेल तर जेमतेम १८०, निम्म्याहून जास्त गच्चीवरच राहतं. पीडब्ल्यूएम वाईट नाही. ३६ सेलचं, १८ व्होल्टवालं छोटं पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी असेल तर तो चोख चालतो. मोठं पॅनल घेऊन मागे तो जोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरा धोका जास्त वाईट. या स्वस्त डब्यांवर पॅनलचा कमाल व्होल्टेज बारीक अक्षरात ५० किंवा ५५ लिहिलेला असतो. आपलं पॅनल काहीही न जोडता ४९.५ व्होल्ट देतं, आणि तेही २५ अंशांना. थंडीत व्होल्टेज वाढतो, दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के. जानेवारीतल्या पहाटे १५ अंश असले की ५०.८. पन्नासवाला डबा तिथेच जाऊ शकतो. खऱ्या एमपीपीटीवर ही मर्यादा सहसा १०० किंवा १५० व्होल्ट असते. दुकानात उभं राहून बघायची पहिली खूण हीच. दुसरी खूण वजन. आत तांब्याची जाड कॉइल आणि मागे ॲल्युमिनियमचा भरीव हीटसिंक असतो, हातात घेतल्यावर कळतं. पोकळ प्लास्टिक आणि दोन यूएसबी सॉकेट दिसले की खाली ठेवा.

पक्की परीक्षा मात्र उन्हातच होते. डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. इलेक्ट्रिशियनकडचा नेहमीचा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल आणि वाद वाढेल. भर दुपारी, बॅटरी अर्धी रिकामी असताना, आधी पॅनलच्या वायरवर आणि मग बॅटरीच्या वायरवर क्लॅम्प लावा. खरा एमपीपीटी ३६ व्होल्टचे ८ अँपिअर घेऊन २७ व्होल्टचे १० च्या वर देतो. दोन्हीकडे ८ च दिसले आणि पॅनलच्या टर्मिनलवरही २७ व्होल्टच भरले, तर तो पीडब्ल्यूएम. बॅटरी भरलेली असताना मोजू नका. तेव्हा कोणताही कंट्रोलर हात आखडता घेतो आणि आकड्यांना अर्थ राहत नाही. दुकानदाराला हे आकडे दाखवले तर? “वापरलेला माल परत नाही.” जीएसटीचं बिल आणि बिलावर मॉडेल नंबर नसेल तर पुढे बोलायलाही जागा उरत नाही. त्यामुळे आधी मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर डेटाशीट शोधा, मग पैसे द्या. चांगला ३० अँपिअरचा कंट्रोलर कित्येक पट महाग पडतो, पण संपूर्ण सिस्टीममध्ये घासाघीस करू नये अशी जागा हीच.

३० अँपिअर का, तर ५४० भागिले २४ म्हणजे साडेबावीस, वर थोडी मोकळीक. हेच १२ व्होल्टवर ४५ अँपिअर होतात, वायर आणि कंट्रोलर दोन्ही जाड लागतात. म्हणून २४.

हिशोब खरं तर लोडपासून सुरू होतो. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि चार कॅमेरे ३० वॉट, राउटर १०, दोन्ही चोवीस तास: ९६० वॉट-तास. नऊ वॉटचे चार एलईडी सहा तास: २१६. एकूण ११७६, गळती धरून १६००. मुंबईत वर्षाची सरासरी धरू नका, जुलै धरा. दिवसाला पूर्ण उन्हाचे तीन तास मोजले की ५४० चं एक पॅनल पुरतं. सलग काळोखे दिवस येतातच, त्यासाठी केबिनमधल्या नेहमीच्या विजेवर चालणारा २९.२ व्होल्टचा लिथियम चार्जर ठेवा. बॅटरी २५.६ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास), लिथियम फेरो फॉस्फेट: ऐंशी टक्के वापरली तर दीड दिवसाच्या वर.

इन्व्हर्टर घेऊ नका! कॅमेरे, डीव्हीआर, राउटर बहुतेक १२ व्होल्टवरच चालतात (ॲडॉप्टरवर बघून घ्या). इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी दहाएक वॉट खातो, म्हणजे दिवसाला २४०, अख्ख्या राउटरएवढे. २४ चे १२ करणारा १० अँपिअरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा, एलईडीही १२ व्होल्टचे घ्या.

पॅनल लिफ्टमध्ये मावत नाही, सव्वादोन मीटर लांब आहे. जिन्याने न्यायला दोन माणसं सांगून ठेवा. गच्चीला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या घरचे दारात उभे. काँक्रीटच्या ब्लॉकवर स्टँड बसवा, पण वजन नीट द्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत ताशी १०० किलोमीटरच्या वर वारे होते. नट-बोल्ट समुद्राजवळ ३१६ स्टीलचे, खाऱ्या हवेत सहज न गंजणारे.

सावली बघताना सगळे दक्षिणेकडे बघतात. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे उत्तरेची टाकीही पॅनलला अगदी चिकटून नको. म्हणूनच दक्षिणेकडे कल १० अंश पुरे, आपल्याला जुलै जिंकायचा आहे.

वायर: गच्ची ते केबिन २५ मीटर असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या सोलर केबलमध्ये तीन व्होल्टच्या वर पडतात, सुमारे आठ टक्के. ६ चौरसची घ्या.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा डीसी फ्यूज. नुसते अँपिअर बघून घेऊ नका, ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे तो जास्तीत जास्त किती करंट तोडू शकतो, ते बघा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारांत करंट सोडते. लोहार चाळीत, मुंबईच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मागताना ‘डीसी’ हे निक्षून सांगा. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती पेटतीच राहते. डीसी एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर उलटा जोडू नका.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेल्या सिस्टीमला आहे, याला नाही. त्या पोर्टलवर वेळ घालवू नका.

कंट्रोलरचं सेटिंग: ॲब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचा व्होल्टेज) २८.४, फ्लोट (भरल्यावर टिकवायचा व्होल्टेज) २७, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं जादा चार्जिंग) बंद, तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणं बंद. कंट्रोलर मुळात लेड-ॲसिडवर सेट होऊन येतो, तसाच ठेवला तर बॅटरीचा बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) चार्जिंग मध्येच तोडू शकतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.