तुम्ही विचारलंत म्हणून: गुळाच्या चिक्कीवर 'दोन चमचे साखर' का लिहिते

मार्गशीर्ष सरत आला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप येऊ लागतात. एक ऑर्डरचे. दुसरे असे: "ताई, पाकिटावर ते काय लिहिता हो? वाचून हात मागे येतो." ते म्हणजे ही ओळ: 'एका वडीत (२५ ग्रॅम) सुमारे १२० कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिनं, दोन चमचे साखर.' मग ठरलेला प्रश्न येतो. चिक्की गुळाची ना? मग साखर कुठून आली? जाऊबाईंनी विचारून झालं, दुकानदाराने विचारून झालं. इतकी वर्षं मी अर्धमुर्धं उत्तर देत आले. आज पूर्ण सांगते.

माझं प्रमाण अर्धा किलो भाजून सोललेले दाणे, चारशे ग्रॅम चिक्कीचा गूळ आणि चमचाभर तूप. पोळपाटावर लाटून कापलं की नऊशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे छत्तीस वड्या. शंभर ग्रॅम गुळात साधारण पंच्याऐंशी ग्रॅम साखरच असते. म्हणजे चारशे ग्रॅमात ३४० ग्रॅम, छत्तिसाने भागलं की वडीमागे साडेनऊ. लहान चमच्याने दोन. बाकी दाण्याचं तेल साडेसहा ग्रॅमच्या वर, आणि प्रथिनं वर सांगितली तेवढी.

"पण गुळात लोह असतं ना?" असतं. एका वडीत गूळ अकरा ग्रॅम, त्यातून अर्धा मिलिग्रॅम लोह मिळालं तर पुष्कळ. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं असं आपल्याकडचे पोषणतज्ज्ञ सांगतात. हिशेब तुम्हीच करा.

हा हिशेब मी हौसेने शिकले नाही. २०१६च्या संक्रांतीला मी पहिल्यांदा पाकिटं छापून घेतली, तेव्हा त्यांवर ठळक अक्षरांत होतं: 'साखरविरहित, पौष्टिक'. मला ते मनापासून खरं वाटत होतं. साखरेचा दाणाही मी घरात चिक्कीसाठी आणत नव्हते.

अण्णांना, माझ्या वडिलांना, तेव्हा मधुमेह होऊन वीस वर्षं झाली होती. माणूस शिस्तीचा. चहातली साखर एका दिवसात सोडली, लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात लावला नाही. मीच त्यांना म्हटलं, "अण्णा, ही गुळाची आहे. खा की." त्यांनी खाल्ली. चोरून नाही, सगळ्यांसमोर, डबा मांडीवर घेऊन. त्या हिवाळ्यात रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) सव्वासातावरून दहाच्या वर गेली. डॉक्टर गोळ्या वाढवत राहिले. दर वेळी विचारायचे, "साखर खाता का?" आणि अण्णा दर वेळी खरं उत्तर द्यायचे, "नाही."

मार्चमध्ये नव्या चपलेने पायाला घासलं. बधिर पाय, दुखलं काहीच नाही. मोजा ओला दिसला तेव्हा आईला कळलं. दवाखान्यात ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "बाबा, सकाळपासून तोंडात काय काय जातं ते सगळं सांगा बरं." अण्णा सांगू लागले. फिरून आलं की बिनसाखरेचा चहा, दोन वड्या चिक्की. दुपारी भाकरी-आमटी. चारला चहा, दोन वड्या. रात्री जेवणावर दोन.

"गोड बंद आहे म्हणालात ना?"

"बंदच आहे. ही लेकीच्या हातची, गुळाची." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. साक्षीला बोलावल्यासारखं. आणि मी म्हणाले, "हो, साखर नाही घालत मी त्यात."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर सहाचा आकडा लिहिला आणि विचारलं, "एक वडी किती ग्रॅमची?" मला माहीत नव्हतं. मी ती विकत होते, आणि मला तिचं वजन माहीत नव्हतं. रात्री घरी येऊन काट्यावर ठेवली. सहा वड्या म्हणजे दीडशे ग्रॅम. बारा चमचे साखर, सातशे वीस कॅलरी, रोज. जिलबी न खाणाऱ्या माणसाच्या पोटात.

करंगळी काढावी लागली. नंतर डॉक्टर म्हणाले, जखम चपलेची, नसा आधीच गेलेल्या, एकट्या चिक्कीवर खापर फोडू नका. मला ते पटतं. रात्री जाग येते तेव्हा पटत नाही.

आता २०१६मधली मी वाद घालायला येते, आणि तिचं सगळंच चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. ती म्हणते, आजी आयुष्यभर दाणे-गूळ खाऊन जगली. खरं आहे. पण आजी पहाटे दोन कोस चालून रानात जायची, आणि तिच्या ओंजळीत दाणे मूठभर असायचे, गुळाचा खडा बोराएवढा. चिक्कीत ते प्रमाण जवळजवळ बरोबरीला येतं. ती म्हणते, बिस्किटापेक्षा, गोळ्या-चॉकलेटपेक्षा तर बरी? बरी. दाण्यांत प्रथिनं आहेत, फोलेट आहे, मॅग्नेशियम आहे, आणि तेल-चोथ्यामुळे साखर जरा सावकाश चढते. सावकाश चढली तरी चढतेच, आणि सहा वड्यांची सहापट चढते.

तिचा सगळ्यात बळकट मुद्दा वेगळाच आहे. अतिकुपोषित मुलांना 'प्लम्पीनट' नावाची दाण्याची पेस्ट देतात. दाणे, साखर, तेल, दूधभुकटी. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी, म्हणजे माझ्या चार वड्यांच्या थोडी वर. त्यात भर घातलेली जीवनसत्त्वं-खनिजं माझ्या वडीत नाहीत, हे मान्य. पण थोड्या घासात पुष्कळ ऊर्जा, हा जो गुण अण्णांना नडला, तोच तिथे मूल वाचवतो. मग पाकिटावर 'पौष्टिक' लिहिलं तर खोटं काय? याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: कुणासाठी, ते पाकिटावर मावत नाही.

काही जण सुचवतात, गूळ कमी करा. केलाय. अर्ध्या किलो दाण्यांना अडीचशे ग्रॅम गूळ घेतला, पाक टणक केला, पाण्यात टाकलेली गोळी ताटलीत टणकन वाजली. तरी लाटताना कडा सुटल्या आणि कापताना भुगा झाला. गूळ नुसता गोडीला नसतो, दाण्याला दाणा तोच धरतो. आणखी बारीक कूट करून बघणार आहे, पण ती चिक्की म्हणावी की लाडू, हे माझं मलाच ठरत नाही.

ती ओळ छापल्यापासून ऑर्डरी घटल्या, हे खरं. आधीची पाकिटं बघून वर्षभर चिक्की नेणाऱ्या एका काकूंनी ओळ वाचली आणि परत आल्याच नाहीत. त्यांच्या घरी कुणाला मधुमेह होता का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रागावल्या की सावध झाल्या, मला कळलेलं नाही.

अण्णा आता सत्त्याहत्तरचे आहेत. त्यांच्या डब्यात मी नुसते भाजलेले दाणे भरते. गेल्या संक्रांतीला त्यांनी तिळगूळ घेतला नाही, वडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्यातली पाव दे." मी सुरीने चार तुकडे केले. त्यांनी पाव तुकडा तोंडात धरून तो विरघळेपर्यंत चावला नाही. उरलेले तीन तुकडे ताटलीत होते, आणि मी ते त्यांच्यासमोरून उचलावेत की तिथेच ठेवावेत, हे ठरवत बराच वेळ उभी होते.