आता तरी समाधान आहे ना?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये लेस्टरशरने, म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या कौंटीच्या (परगण्याच्या) क्रिकेट संघाने, कौंटी अजिंक्यपद या चारदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेची दुसरी श्रेणी जिंकली आणि २००३ मध्ये गमावलेली पहिल्या श्रेणीतली जागा परत मिळवली. तेव्हापासून नागपूरच्या भावंडांपासून इथल्या, लेस्टरच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळे मला एकच विचारत आहेत : "आता तरी समाधान आहे ना?" मी लगेच होकार देत नाही, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग तुझे गाऱ्हाणे आहे तरी काय? इतक्या जणांनी इतक्यांदा विचारले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. माझा राग पराभवांवर कधीच नव्हता. विदर्भाचा संघ रणजी करंडकात दुबळा समजला जात होता, त्या काळात मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीए मैदानावर वडिलांसोबत त्याचे सामने पाहत वाढले. हरणाऱ्या संघाच्या बाजूने दिवसभर कसे बसायचे, हे मला लेस्टरला येऊन शिकावे लागले नाही. २०१३, २०१४, २०१७ आणि २०२२ या चार हंगामांत लेस्टरशरने चारदिवसीय स्पर्धेत एकही सामना जिंकला नाही. सप्टेंबर २०१२ मधल्या विजयानंतरचा पुढचा विजय थेट जून २०१५ मध्ये, चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध मिळाला. ते सारे हंगाम मी ग्रेस रोड या आमच्या मैदानावर जाऊन पाहिले आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. दुबळा संघ हरतो, त्यात कोणाचा अपराध असतोच असे नाही.

माझी तक्रार खेळाडूंच्या घडणीबद्दल आहे. तुम्हांला नावे माहीत आहेत, तरी ती एकापुढे एक ठेवून पाहा. स्टुअर्ट ब्रॉड २००५ मध्ये आमच्याकडून प्रथमश्रेणी क्रिकेट खेळू लागला आणि २००७ चा हंगाम संपताच नॉटिंगहॅमशरला गेला. त्याचे ६०४ कसोटी बळी त्यानंतरचे आहेत. ल्यूक राइट ससेक्सला गेला, लेस्टरमध्येच जन्मलेला डॅरेन मॅडी वॉरिकशरला, हॅरी गर्नी नॉटिंगहॅमशरला. जॉश कॉबही लेस्टरचाच. २०११ च्या ट्वेंटी-२० अंतिम सामन्यात तो आमच्यासाठी सामनावीर ठरला आणि २०१६ च्या अंतिम सामन्यात नॉर्दम्पटनशरसाठी. या मुलांना पहिली संधी देणारी, त्यांचे पहिले अपयश सांभाळून घेणारी कौंटी आमची होती. त्यांची भरात आलेली वर्षे दुसऱ्यांनी पाहिली.

याची कारणे मला समजतात, आणि ती समजतात म्हणूनच राग अधिक येतो. नॉटिंगहॅमचे ट्रेंट ब्रिज आमच्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर आहे. तिथे कसोटी सामने होतात, ग्रेस रोडवर होत नाहीत, आणि उत्पन्नातला तो फरक शेवटी खेळाडूच्या करारातल्या आकड्यात उतरतो. २००० मध्ये स्पर्धेच्या दोन श्रेणी झाल्या आणि इंग्लंडकडून खेळायचे असेल तर पहिल्या श्रेणीत असले पाहिजे, हा समज पक्का होत गेला. आम्ही दुसऱ्या श्रेणीत अडकलो, म्हणून चांगली मुले जात. चांगली मुले जात, म्हणून आम्ही दुसऱ्या श्रेणीतच राहत असू. आमच्यासारख्या कौंट्यांना इथे मोठ्या कौंट्यांची रोपवाटिका म्हणतात, आणि ते आम्ही अभिमानाने ऐकावे अशी अपेक्षा असते. तो अभिमान मला कधी वाटला नाही.

जेम्स टेलरबद्दल मात्र मला थोडे अधिक सांगावे लागेल, कारण माझ्या घरापुरता हा सगळा प्रश्न त्याच्याभोवती उभा राहिला.

टेलरची उंची जेमतेम साडेपाच फूट. माझा मुलगा त्या वेळी वर्गात सर्वांत ठेंगणा होता आणि शाळेच्या संघात त्याला तळाला फलंदाजीला पाठवत. २००९ मध्ये एकोणीस वर्षांच्या टेलरने ओव्हलवर सरेविरुद्ध नाबाद २०७ धावा केल्या आणि हंगामात हजार धावांचा टप्पा ओलांडला, तेव्हा माझ्या मुलाला आपला माणूस सापडला. ग्रेस रोडवर तो टेलरचा सरावही पाहायला थांबे. उसळता चेंडू टेलर कसा खाली ठेवतो, पुढे येताना त्याचे डोके कुठे असते, हे तो घरी येऊन मला करून दाखवी. चांगल्या प्रशिक्षकाने शिकवावे ते त्याला दुरून पाहून मिळत होते.

२७ ऑगस्ट २०११ रोजी आम्ही दोघे एजबॅस्टनला होतो. उपांत्य सामन्यात लँकेशरला सुपर ओव्हरमध्ये आणि अंतिम सामन्यात सॉमरसेटला १८ धावांनी हरवून लेस्टरशरने २००४ आणि २००६ नंतर तिसऱ्यांदा ट्वेंटी-२० करंडक जिंकला. यष्टिरक्षक पॉल निक्सनचा इंग्लंडमधला तो शेवटचा सामना होता. त्याच वर्षी चारदिवसीय स्पर्धेत आम्ही गुणतालिकेच्या तळाला होतो, पण त्या संध्याकाळी ते कोणाला आठवत नव्हते. टेलर, कॉब, गर्नी ही मुले अजून पंचविशीही न गाठलेली होती. पुढची दहा वर्षे आपली आहेत, असे मी मुलाला परतीच्या गाडीत सांगितले, आणि मला ते मनापासून वाटत होते.

त्या हिवाळ्यात टेलर नॉटिंगहॅमशरला गेला. गर्नीही गेला. मुलाने विचारले, "आई, आपण त्याला का जाऊ दिलं?" मी म्हणाले, त्याला मोठा खेळाडू व्हायचे आहे, त्यासाठी मोठ्या मैदानावर खेळावे लागते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे राहून मोठं होता येत नाही?" मी त्याला पगार, श्रेणी, निवड समिती असे सगळे समजावून सांगितले. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते आणि एकाही वाक्याने त्याचा प्रश्न सुटला नाही.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये हेडिंग्लीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टेलरने कसोटी पदार्पण केले. समोरच्या टोकाला केविन पीटरसन त्या मालिकेतली सर्वांत देखणी खेळी करत होता आणि टेलर ३४ धावांवर टिकून त्याला साथ देत होता. दूरचित्रवाणीवर त्याच्या नावापुढे नॉटिंगहॅमशर असे येत होते. माझ्या मुलाने ती भागीदारी शेवटपर्यंत पाहिली आणि पुढच्या वर्षी आपल्याला कौंटीचे सदस्यत्व नको, असे शांतपणे सांगितले. मी त्याला समजावले, रागावले, पुन्हा समजावले. २०१३ आणि २०१४ चे हंगाम एकही विजय न मिळता संपले, त्यामुळे माझ्याजवळ दाखवायलाही काही उरले नाही. २०१६ मध्ये लेस्टर सिटी फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकून गेली, तेव्हा तो त्या रस्त्यावरच्या गर्दीत होता. ग्रेस रोडवर तो पुन्हा नियमित आला नाही. एक खेळाडू गेला की त्याच्यामागे पाहणारे किती जण जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तेव्हाची मी म्हणत असे की टेलरने थांबायला हवे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये हृदयाच्या गंभीर आजारामुळे वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला, तेव्हा ते म्हणणे मला जड जाऊ लागले. ज्याच्या हाती इतकी थोडी वर्षे होती, त्याने त्यांतले एकही वर्ष आमच्यासाठी का खर्च करावे? पुढे तो फलंदाजीचा प्रशिक्षक म्हणून लेस्टरशरला परत आला, याचा मला फार आनंद झाला. तरीही त्या वेळच्या माझ्याजवळ एक मुद्दा होता, तो आजही मला खोडता येत नाही. प्रत्येक खेळाडूचा निर्णय त्याच्यापुरता योग्य असतो, आणि त्या सगळ्या योग्य निर्णयांची बेरीज एका कौंटीला पोकळ करते. यात दोष खेळाडूंवर जात नाही, पण तो कोठेतरी जायला हवा, आणि ज्या रचनेवर तो जातो तिच्याबद्दल बोलले की मला रडी म्हटले जाते.

माझा भाऊ इथे विदर्भाचा दाखला देतो. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, पुढच्याच वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा मिळवला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफर मुंबईचा, नंतरचा करुण नायर कर्नाटकचा. "तेव्हा तुला बाहेरचे चालले," तो म्हणतो. होय, चालले, कारण त्यांच्याभोवती फैज फजल, रजनीश गुरबानी, अक्षय वाडकर, पुढे हर्ष दुबे असे विदर्भातच वाढलेले खेळाडू होते आणि त्यांतले बहुतेक विदर्भातच राहिले. तरी ही तुलना मला फार ताणता येत नाही. उमेश यादव विदर्भाकडून खेळत राहूनही भारताकडून कसोटी खेळला. नागपुरात राहिल्याने त्याचे काही अडले नाही. इंग्लंडमध्ये कौंटी हीच खेळाडूची उपजीविका आहे, आणि शेजारची कौंटी अधिक पैसे देऊ शकते.

आता २०२५ च्या संघाकडे या. ऋषी पटेल एसेक्समधून आला, सॉल बडिंजर नॉटिंगहॅमशरमधून, बेन कॉक्स वुस्टरशरमधून, इयन हॉलंड हॅम्पशरमधून. कर्णधार पीटर हँड्सकोम ऑस्ट्रेलियाचा. हे सगळे मन लावून खेळले आणि मी त्यांच्यासाठी उभी राहून टाळ्या वाजवल्या. २०२४ मध्ये अजिंक्य रहाणे आला, तेव्हा एरवी ग्रेस रोडकडे न फिरकणारी मराठी कुटुंबे मुलांना घेऊन आली, आणि कार्डिफला ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने शतक केले तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. या कशालाही मी नावे ठेवत नाही. परंतु आम्ही वर आलो ते बहुतांशी दुसऱ्यांनी घडवलेल्या खेळाडूंच्या बळावर, आणि त्यालाच घडणीचे यश म्हटले जाते तेव्हा मला बोलावे लागते. ऋषी पटेलची फलंदाजी आमच्याकडे येऊन फुलली, असे कोणी म्हटले तर ते मात्र खरे आहे, आणि त्याचे श्रेय मी प्रशिक्षकांना देते.

मला खरा आनंद झाला तो २०२३ मध्ये. ट्रेंट ब्रिजवर एकदिवसीय करंडकाच्या अंतिम सामन्यात आमची अवस्था बिकट असताना हॅरी स्विंडेल्स आणि सॅम एव्हान्स ही लेस्टरमध्ये जन्मलेली जोडी उभी राहिली. स्विंडेल्सने नाबाद ११७ धावा केल्या, आणि कोवळ्या वयाच्या जॉश हलने शेवटचे षटक टाकून हॅम्पशरला दोन धावांनी रोखले. द हंड्रेड या शंभर चेंडूंच्या स्पर्धेमुळे मोठे खेळाडू ऑगस्टमध्ये त्या स्पर्धेत नसतात, म्हणून तो करंडक हलका, असे मला ऐकवले जाते. मला तो हलका वाटत नाही. संधी मिळाली तर आमची मुले काय करतात, ते त्या दिवशी दिसले.

आणि आमच्याकडचा रेहान अहमद आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कराचीला इंग्लंडचा सर्वांत तरुण पुरुष कसोटीपटू होऊन त्याने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले, आणि त्यानंतर बराच काळ इंग्लंडच्या संघासोबत फिरण्यात घालवला. २०२५ मध्ये त्याला वरच्या क्रमांकावर सलग खेळायला मिळाले, तेव्हा त्याने शतकांमागून शतके केली आणि डर्बीशरविरुद्ध एकाच सामन्यात शतक आणि तेरा बळी अशी कामगिरी केली. खेळाडू घडतो तो असा, सामन्यांमागून सामने खेळून. तो कधीतरी जाईलच, असे माझे इथले स्नेही आताच सांगू लागले आहेत. माझ्याजवळ त्यांना उत्तर नाही, पण ते मी मान्यही करत नाही.

पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी आणखी खेळाडू बाहेरून आणावेत, की अठरा-एकोणीस वर्षांच्या स्थानिक मुलांना खेळवून पुन्हा खाली जाण्याचा धोका पत्करावा, यावर माझे आणि शेजारच्या खुर्च्यांवरच्या सदस्यांचे एकमत नाही. ते म्हणतात, आधी टिकू, मग मुलांचे पाहू. टिकलो नाही तर मुले तशीही जातील. मी म्हणते, 'मग पाहू' हे गेली वीस वर्षे ऐकत आहोत. मुलांना खेळवून आम्ही खाली घसरलो, तर तेव्हाही मी हेच म्हणेन का, असे त्यांनी मला विचारले होते. म्हणेन, असे मी सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि मलाही तशी खात्री देता येत नाही.